कांदे दाबून बघा

फ्रिजच्या दारावर एकाच चुंबकाखाली घडी घातलेल्या दोन चिठ्ठ्या होत्या, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांच्या. एक सुनेने सासऱ्यांसाठी लिहिलेली सामानाची यादी. दुसरी तिच्या नवऱ्याची. तो एका फुटबॉल संघाचा पगारी गोलरक्षक होता, आणि समोरच्या संघातला कोणता नंबर पेनल्टी कुठे मारतो, हे त्याने आठ दिवस खपून टिपलं होतं.

वय सदतीस. करार या सामन्यापुरताच उरलेला. प्रशिक्षकांनी आदल्या दिवशी स्पष्टच सांगितलं होतं, "हात अजून चांगले आहेत रे तुझे, पण धीर नाही. चेंडू निघायच्या आधीच तू उडी मारून मोकळा! उद्या हरलो तर मला दुसरा बघावा लागेल."

सकाळी निघताना त्याने हाताला आली ती चिठ्ठी ओढली आणि पायमोज्यात खोचली.

सामन्यात बरोबरी झाली आणि निकाल पेनल्टीवर आला. त्याने पाठ वळवून चिठ्ठी उघडली.

'साखर दोन किलो. कपड्यांचा साबण, मोठा. चहा, नेहमीचाच.'

त्याने उलटून पाहिलं. मागे मार्च महिना होता.

"वाच, नीट वाच!" प्रशिक्षक मैदानाच्या कडेवरून ओरडले.

त्याने मान डोलावली. दुसरं करणार काय?

पहिल्या दोन फटक्यांना तो सवयीप्रमाणे आधीच झेपावला आणि चेंडू दुसऱ्या बाजूने सुखरूप आत गेले. तिसऱ्या वेळी त्याने निदान वाचल्यासारखं केलं. साबणावर बोट ठेवलं आणि समोरच्याकडे रोखून पाहिलं. तो बिचारा इतका बावरला, की चेंडू थेट प्रेक्षकांत. चौथा पुन्हा आत. त्याच्या संघाचे चार झाले होते. आता समोरच्यांचा शेवटचा फटका. अडवला तर जिंकले.

सात नंबर पुढे आला. गोलरक्षकाने चिठ्ठीकडे शेवटचं पाहिलं. तळाशी दोनदा अधोरेखित केलेलं होतं : 'बाबा, कांदे घेताना घाई करू नका. आधी नीट बघा, दाबा, मगच घ्या.'

देव कुणाच्या अक्षरातून बोलेल, सांगता येत नाही. गोलरक्षक जागचा हललाच नाही. सात नंबरची पद्धत अशी, की गोलरक्षक डावीकडे झुकेपर्यंत थांबायचं आणि मग उजवीकडे मारायचं. तो धावत आला, थबकला, वाट पाहू लागला. गोलरक्षकही वाट पाहत उभा. शेवटी गोंधळून सात नंबरने चेंडू सरळ समोर ढकलला, आणि गोलरक्षकाने तो पोटाशी घट्ट दाबून धरला.

"आणखी दोन वर्षं!" प्रशिक्षकांनी त्याला मिठीच मारली. "आणि ती चिठ्ठी दे इकडे. फ्रेम करून लावतो."

"सर, ती... घरी लागते," तो म्हणाला.

घरी टेबलावर फिनेलची बाटली, बुटांचं पॉलिश आणि बाळाला दूध पाजायची बाटली मांडलेली होती.

"बाबा, अहो हे काय?" सून विचारत होती.

"तूच लिहिलंस ना? अक्षर जरा घाईतलं वाटलं, पण हुकूम तो हुकूम. 'नऊ, डावीकडे खाली.' दुकानात नवव्या रांगेत डावीकडे खाली फिनेल. 'चार, उजवीकडे वर.' पॉलिश. 'सात, थांबून, मग उजवीकडे.' पंधरा मिनिटं थांबलो गं! दुकानातल्या माणसाने दोनदा विचारलं, काका, बरं वाटतंय ना? मग उजवीकडे वळलो, तर ही बाटली." बाबांचा आवाज हळवा झाला. "म्हटलं, पोरीला तोंडाने सांगायला लाज वाटत असेल."

सून लाजली नाही. तिने बाबांच्या हातातली चिठ्ठी घेतली, अक्षर ओळखलं आणि दारात उभ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"टीव्हीवर बघत होते मी," ती शांतपणे म्हणाली. "बारा वर्षांत माझी यादी इतकी मन लावून पहिल्यांदाच वाचलीत तुम्ही."

गोलरक्षकाची छाती फुगली.

"मग कांदे कुठायत?"

त्याने मुकाट्याने पिशवी उचलली. जिन्यात पोचला, तोच मागून बाबांची हाक आली, "अरे, सात नंबरला जरा थांबावं लागतं हं!"