फोन होता, माणूस होता का?

दुपारचा एक वाजला की नाना सुर्वे स्वतःचा फोन टेबलाच्या खणात टाकतात आणि गायब होतात. लोकांचे फोन उघडून कोण कधी कुठे होतं हे शोधणं आमचा धंदा, आणि आमचाच माणूस रोज तासभर बेपत्ता! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

साताऱ्यात माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. वकील फोन आणून देतात, आम्ही त्यात साठलेली ठिकाणं काढून अहवाल देतो. नाना फौजेत सिग्नलला होते. आवाज अजून परेडचाच. मी अहवाल लिहायला घेतला की मागून गरजणार, "फोन व्हता, मॅडम. माणूस व्हता का?" दिवसातून दहा वेळा. एकदा मी पेपरवेट आपटला, तरी फरक नाही.

गेल्या ऊस हंगामात फलटणकडच्या एका ट्रॅक्टर ड्रायव्हरवर मालकाच्याच विहिरीची मोटर चोरल्याचा आळ आला. त्या सकाळी त्याचा फोन नेमका त्याच विहिरीपाशी. तो म्हणत होता, मी कराडला टायर आणायला गेलो होतो. मालकाचा वकील समोर बसून राहिला, "सही करा, संपवा." ड्रायव्हर तुरुंगात जाईल हे मला कळत होतं, तरी मी पेन उघडलं.

नाना ताडकन उठले. "आवं वकीलसायब, पाच तासात ह्यो फोन कुणी एकदाबी उघडला न्हाई! नुसती गाणी वाजत्यात. ट्रॅक्टरच्या डेकला जोडून तिथंच इसरलाय गडी. ट्रॅक्टर जाईल तिकडं फोन जाणार. त्या दिशी ट्रॅक्टर कुणी नेला, ते इचारा की मालकाला!"

वकील लालबुंद झाला. त्याचं माझं भांडण जुंपलं, आणि ऐन भांडणात एक वाजला. नाना फोन खणात टाकून चालते झाले! मी स्कूटर काढली आणि त्यांच्या मागे निघाले. आज नोकरीवरून काढायचंच.

दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. ओट्यावर खाटेवर एक अतिवृद्ध गृहस्थ, गळ्यात दोरीने बांधलेला मोबाइल. नाना त्यांच्यासमोर ताठ उभे राहिले.

"सिपाही सुर्वे?"

"हाजिर, साब!"

मला बघून नाना ओशाळले. "वडील हायत, त्येबी फौजेतलेच. मला वळखत न्हाईत आता. मी पुण्यात कामाला व्हतो तवा ह्यांचा फोन माझ्या फोनवर घरात दिसायचा. म्हटलं, हायत घरात. दोन दिसांनी लोणंद स्टेशनात गावले, उपाशी. ड्युटीवर निघाले व्हते." नानांनी मान वळवली. "आता रोज एकला हजेरी घेत्यात. हजेरीत फोन चालत न्हाई. मी दिसलो न्हाई तर मला हुडकाय भाईर पडत्यात."

इतके दिवस मी या माणसावर ओरडत होते. मला माझीच चीड आली. संध्याकाळी अहवालात लिहिलं, फोन विहिरीपाशी होता. माणूस होता असं म्हणता येत नाही.

पण ते नंतर. तेव्हा पर्समध्ये वकिलाचा फोन वाजत होता आणि म्हातारबुवा माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होते.

"हा कोण जवान?"

मी फोन बंद केला. टाचा जुळवल्या.

"हाजिर, साब."