शुक्रवारचं पत्र

एतेल्विना बेंतांकोरच्या हातून छत्तीस वर्षांत एकही कागद चुकीच्या माणसाकडे गेला नव्हता. हे लोक सांगत नसत, ती स्वतःच सांगे. कंबर मोडल्यावर ती राजधानी मोंतेविदेओ सोडून साल्तोला लेकीकडे राहायला गेली, तरी तिच्या कचेरीच्या नोटरीबाईंनी तिला सोडलं नाही. घरच्या संगणकातून कचेरीतल्या तिच्या जुन्या संगणकात शिरायचं आणि खरेदीखतं तयार करायची. पाचशे किलोमीटरवर तिची खुर्ची रिकामी होती, पडद्यावर मात्र तिचंच टेबल मांडलेलं.

भांडण फक्त छपाईशी. यादीत तिचा घरचा प्रिंटर कधी दिसे, तर कधी रुसलेल्या जावयासारखा न सांगता निघून जाई. मग बाहेर पडायचं, जोडणीच्या खिडकीत ‘प्रिंटर’पुढची खूण काढून पुन्हा करायची आणि परत आत शिरायचं.

“आता हे यंत्र माझ्या मुठीत आहे,” तिनं लेकीला ऐकवलं.

हा खटाटोप खतांसाठी नव्हता. शुक्रवारी चार वाजता कचेरीत माते फिरे. तो कडू चहा ओतायचं काम वाल्देमारचं. शिक्के मारणारा, विधुर, कमी बोलणारा. साल्तोला आल्यापासून एतेल्विना त्याच वेळी त्याला पत्र लिही. खतांसारखंच तेही कचेरीच्या संगणकात टाइप करी, घरी छापी आणि न पाठवता बिस्किटांच्या डब्यात ठेवी.

त्या शुक्रवारी तिनं लिहिलं, ‘वाल्देमार, पहिला घोट सगळ्यांत कडू, म्हणून तो नेहमी तुम्ही घेत होता. आता तो मलाच घ्यावा लागतो.’ बटण दाबलं. घरचा प्रिंटर गप्प. पुन्हा दाबलं. खूण काढली, खूण केली, आत शिरली, बाहेर आली. सात वेळा दाबून झाल्यावर तिनं यादी वाचली. घरच्या प्रिंटरचा पत्ताच नव्हता. सातही पत्रं कचेरीत निघाली होती.

तिनं फोन लावला. कोणी उचलेना, कारण आत खरेदीखताचं वाचन चाललं होतं. सह्यांआधी नोटरीबाई अख्खं खत सर्वांसमोर मोठ्यानं वाचत. त्यासाठी वाल्देमार प्रिंटरवरचा गठ्ठा उचली, पानांवर आकडे घाली, शिक्के मारी. वाचून मात्र पाहत नसे. एतेल्विनाचा कागद तपासायचा नसतो, हा त्याचा छत्तीस वर्षांचा नेम.

पाच वाजता त्याचाच फोन आला. बाईंनी पूर्वेचा रस्ता वाचला, पश्चिमेची भिंत वाचली आणि त्याच सुरात तिचं पत्रही वाचलं. घर घेणाऱ्यानं विचारलं की मातेवाला माणूस घराबरोबर मिळतो का. विकणाऱ्या बाईंनी डोळे पुसले.

“आणि बाई?”

“दुसऱ्या प्रतीच्या मध्यावर थांबल्या.”

“तुम्ही काय केलंत?”

“मी काय करणार? शिक्का आधीच मारला होता.” मग त्यानं आवाज खाली आणला. “पुढच्या शुक्रवारी चार वाजता मी प्रिंटरपाशी उभा असेन.”

तो आठवडा महिन्याएवढा लांबला. शुक्रवारी तिनं ओठांना लाली लावली, पत्र लिहिलं आणि यादीकडे न बघता बटण दाबलं. कचेरीचा प्रिंटर निवडून पाठवायचं धाडस तिच्यात नव्हतं. चुकून जावं, एवढीच इच्छा.

घरचा प्रिंटर खाकरला आणि पहिल्याच झटक्यात सरळ, स्वच्छ पान तिच्या मांडीवर टाकून मोकळा झाला.

फोन वाजला. “काही आलं नाही,” वाल्देमार म्हणाला.

“इकडे आलं. मेलं नेमकं आजच सुधारलं.”

“मी नवा कागद घालून ठेवला होता, एतेल्विना.”

तिनं पानाची घडी केली. डबा उघडला, आतल्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि सगळीच पत्रं पर्समध्ये कोंबली. मग लेकीला सकाळच्या बसची वेळ विचारली. बसला सहा तास लागतात, पण पाटीवर जे गाव लिहिलेलं असतं, निदान तिथेच ती पोचते.