सगळ्यांशी हरलेले भाऊ साटम

११ मे, रविवार. डंकावर कुटलेला मसाला सकाळीच आला होता आणि मी तो बरण्यांत भरत बसले होते. दाबून भरायचा, वर हिंगाचे खडे ठेवायचे, तोंडाला फडकं बांधायचं. मे महिन्यात लालबागमध्ये निम्म्या घरांत हेच चाललेलं असतं. तेवढ्यात शेजारचे भाऊ साटम दारात येऊन उभे राहिले. दोनदा शिंकले आणि माझ्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघत म्हणाले, "वहिनी, दाबताना मनगट आत वळतं तुमचं. चांगलं लक्षण आहे. विलास साळवीचं असंच वळायचं."

मी म्हटलं, "विलास साळवीला सांगा, दुसरी बरणी त्याने भरावी."

भाऊ माणसाला मनगटावरून ओळखतात. तोंड विसरतात, नाव विसरतात, मनगट विसरत नाहीत. गॅसवाला आमच्या मजल्यावर त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी जातो, कारण तिथे स्टुलावर कोपर टेकवून एक पंजा लढवल्याशिवाय सुटका नसते. डॉक्टरांनी नाडी बघायला हात मागितला तरी भाऊ कोपर टेकवून, पंजा उघडून तयार. "कोपर खाली!" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. पंजा लढवताना कोपर उचललं की डाव रद्द, एवढाच त्याचा अर्थ. पण भाऊ ते कुठेही वापरतात. भाजीवाल्याने खालचे नासके टोमॅटो पिशवीत सरकवले, "कोपर उचललंस!" टीव्हीवर एखादा पुढारी पक्ष बदलतो, "बघा, कोपर उचललं!"

सत्तरी कधीच उलटलेली, अंगाने काडी, लग्न केलेलं नाही. असा माणूस पंजाचा एवढा जाणकार कसा, असं नवीन माणसाला वाटतं. मलाही लग्न होऊन इथे आले तेव्हा वाटलं होतं. एकदा विचारलंच, "भाऊ, तुम्ही कधी जिंकलात?"

"कधीच नाय," भाऊ अभिमानाने म्हणाले. "म्हणून तर मला कळतं. जो जिंकतो त्याला फक्त आपला जोर कळतो. मी सगळ्यांशी हरलोय. अंतू परबशी हरलो, त्याच्या मागून आलेल्या विलासशी हरलो, आता या साहिलशी हरतो. तिघांचे हात एका हातात आलेत असा दुसरा माणूस दाखवा."

ही त्यांची पद्धत. लोक जुना फलंदाज मोठा की नवा यावर भांडतात, पण त्या दोघांना गोलंदाजी केलेला एकच माणूस काही सापडत नाही. इथे भाऊ होते. आमच्या चाळीच्या सत्यनारायणाच्या पूजेला पंजाची स्पर्धा असते आणि रिवाज असा की जिंकणाऱ्याने शेवटी भाऊंना हरवायचं, मगच नारळ मिळायचा. कुणी, कधी सुरू केलं माहीत नाही. मुलांना ती गंमत वाटते, भाऊंना ते मोजमाप वाटतं.

मी हिशेबी बाई आहे. मी म्हटलं, "पण भाऊ, अंतूंनी तुम्हाला हरवलं तेव्हा तुम्ही पंचविशीत होतात. आता साहिल हरवतो तो म्हाताऱ्याला. काटाच झिजलाय की."

भाऊ खूश झाले. त्यांना असा प्रश्न विचारणारं माणूस आवडतं. "सोनार जुना दागिना घेताना घट धरतो ना? तशी मी माझी घट धरतो. साहिलने मला जेवढ्या वेळात पाडलं त्यातून माझं म्हातारपण वजा करायचं."

"किती?"

"ते हाताला कळतं."

एक गोष्ट मात्र त्यांना खपत नाही. मुद्दाम हरणं. माझ्या भाचीला बघायला एक मुलगा आला होता. नोकरी चांगली, बोलणं गोड. भाऊंनी चहा येईपर्यंत त्याला स्टुलाशी बसवलं. मुलाने संस्कारी चेहरा करून हात सोडून दिला आणि भाऊ आयुष्यात पहिल्यांदा जिंकले. कोणालाही आनंद झाला असता. भाऊ लाल होऊन माझ्या स्वयंपाकघरात आले. "वहिनी, मला जिंकू दिलं त्याने! हे काट्याला बोट लावणं झालं. असल्या घरात पोर देऊ नका." लग्न पुढे जमलं नाही. कारण वेगळं होतं, पण भाऊ अजून श्रेय घेतात.

तर त्या रविवारी भाऊ उगाच मनगटं बघायला आलेले नव्हते. आदल्या संध्याकाळी पूजा झाली होती आणि साहिल पुन्हा जिंकला होता. साहिल तळमजल्यावरचा. कुरिअर कंपनीत कामाला आहे, सकाळ-संध्याकाळ जिममध्ये असतो. मुलगा सरळ आहे. मंडळाच्या खोलीत कॅरमच्या वरच्या भिंतीवर अंतू परबांचा फोटो आहे. काळा-पांढरा, अंगात बंडी, उजवा हात वर. अंतू शिवडीच्या गोदामात कापसाच्या गाठी उचलायचे आणि भाऊ त्याच गाठींवर नंबर रंगवायचे. दोघे एकाच गावचे. 'चाळीचा आजवरचा सर्वोत्तम' असं फोटोखाली लिहिलेलं आहे. मुलांचं म्हणणं, आता तिथे साहिलचा लागला पाहिजे. रंगीत फोटो फ्रेम होऊन आलासुद्धा, खाली भिंतीला टेकवून ठेवला आहे. मी म्हटलं दोन्ही लावा. तर मुलं म्हणाली, "काकी, सर्वोत्तम दोन कसे?"

ते बरोबरच होतं.

साहिल स्वतः म्हणाला होता, "भाऊ, तुम्हीच ठरवा. तुम्ही म्हणाल तो. आणि अंतूकाकांचा आत्ताचा हात नको, तेव्हाचा धरा."

"तेव्हाचा माझ्याकडे आहे," भाऊ म्हणाले होते. "पण एकदा बघून येतो. सोमवारी सांगतो."

अंतू मुलीकडे असतात, वरळीच्या बीडीडी चाळीत. भाऊ दर रविवारी तिकडे जातात हे मला माहीत होतं. माझी बहीणही तिथेच दोन इमारती सोडून राहते आणि तिची बरणी पोचवायची होती. पिशवी जड होती. भाऊंना सोबत हवी होती, मला हमाल. दुपारी निघालो.

बस पुलावर अडकली तेव्हा मी सरळ विचारलं, "खरं सांगा भाऊ, कोण भारी?"

भाऊंनी उजव्या हाताची बोटं उघडली, मिटली. "साहिल."

"घट धरून?"

"घट धरून. अंत्याकडे नुसता जोर होता. पहिल्या झटक्यात पाडायचा. नाही पडलात तर चिडायचा. साहिल थांबतो. समोरच्याचा श्वास सुटला की मग हात फिरवतो. काल मला पाडताना त्याने स्टुलावर हात आपटू दिला नाही, वरच्या वर धरला. एवढा ताबा अंत्याकडे कधीच नव्हता."

"मग काल तिथेच का नाही सांगितलंत?"

"आधी अंत्याच्या कानावर घालतो. फोटो त्याचा आहे. दुसऱ्याकडून कळायला नको."

मला ते पटलं. रीत आहे ती.

बहिणीकडे बरणी टाकून मी परत भाऊंना गाठलं तेव्हा ते अंतूंच्या खोलीबाहेर चपला काढत होते. बराच वेळ काढत होते. आत अंतूंची मुलगी शुभांगी चहा टाकत होती. अंतू खाटेवर उशांना टेकून बसले होते. फोटोतला माणूस शोधायला मला वेळ लागला. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, हे भाऊंनी आम्हाला कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

"काय रे अंत्या, हात खंय तुझो?" भाऊ म्हणाले.

अंतूंनी डाव्या हाताने चादर बाजूला केली. शुभांगी हळूच म्हणाली, "भाऊकाका येतात तेव्हाच हा हात बाहेर येतो. एरवी आम्हाला पुसूसुद्धा देत नाहीत."

भाऊंनी पाट घेतला, खाटेवर ठेवला. अंतूंचं कोपर उचलून त्यावर नीट बसवलं. मग त्यांचं एकेक बोट उघडून आपल्या पंजाभोवती मिटवलं, अंगठा शेवटी. आणि डोकं खाली घालून दात आवळले.

अंतूंच्या हातात काहीच नव्हतं. भाऊंच्या मानेवरची शीर मात्र फुगली होती. दोन्ही हात थोडे इकडे आले, थोडे तिकडे गेले, मग भाऊंचा हात हळूहळू वाकत पाटाला लागला.

"गेलंय रे गेलंय! सोड, मनगाट मोडशीत माझा!"

अंतू हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पण आवाज खोलीभर झाला. "तुझ्या हातात कधीच दम नव्हतो, मनोहर."

"नव्हतोच."

अंतूंना कळत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी त्यांच्याकडे नीट बघत होते, तरी कळलं नाही.

मग अंतूंनी विचारलं, "माझो फोटो आसा मा रे थंय?"

शुभांगीने चहाचा कप पुढे केला. भाऊंनी तो घेतला नाही. मला वाटलं, आता सांगतील. माणूस त्यासाठीच आला होता. आणि पंजाच्या बाबतीत खोटं बोलणारा नव्हता.

"आसा तर," भाऊ म्हणाले. "जातलो खंय?"

परतीच्या बसमध्ये भाऊ उजव्या हाताची बोटं उघडत-मिटत राहिले. परळ आल्यावर म्हणाले, "वहिनी, पोरांना सांगा, भाऊंना काय ठरवता येत नाय म्हणावं. काटा बिघडला."

"तुम्हीच सांगा."

"साहिलच्या तोंडावर खोटं बोलता येणार नाय मला. आणि खरं बोललो तर पुढच्या रविवारी तिथे कुठल्या तोंडाने जाऊ?"

घरी आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. मी मसाल्याची भांडी घासली आणि झोपले.

सोमवारी सकाळी डबा भरून निघाले तर साहिल जिन्यात उभा. जिमची बॅग खांद्याला. "काकी, भाऊ दार उघडत नाहीत. तुम्ही गेला होतात ना काल? काय ठरलं?"

"अंतू परब," मी म्हटलं.

"भाऊ म्हणाले?"

"भाऊ कशाला म्हणायला हवेत? मी समोर बसले होते. अंतूंनी भाऊंचा हात पाटाला लावला. भाऊ ओरडत होते मनगट मोडेल म्हणून."

"आत्ता? या वयात?"

"आत्ता. काल दुपारी."

साहिल माझ्याकडे बघत राहिला. हुशार मुलगा आहे, पण मी गमतीत बोलणारी बाई नाही हे साऱ्या चाळीला माहीत आहे. "काय सांगता," तो म्हणाला. "मग राहू दे त्यांचाच. मी फ्रेम घरी घेऊन जातो." दोन पायऱ्या उतरला आणि परत वर आला. "काकी, मला एकदा त्यांच्याशी लढायचंय. न्याल का तिकडे?"

मी पिशवी खाली ठेवली आणि भाऊंचं दार वाजवलं. भाऊ दाराला लागूनच उभे आहेत हे फटीतून दिसत होतं.

"भाऊ, फोटो आहे तिथेच राहतोय," मी म्हटलं. "आणि रविवारी साहिल तुमच्याबरोबर वरळीला येतोय. तोवर त्याला हरायला शिकवा."

कडी निघाल्याचा आवाज आला. मी थांबले नाही; ऑफिसला उशीर होत होता.