एक बंद केला तं चालते न?

माझी यंत्रणा बंद पडणं शक्यच नव्हतं! हे मी फुशारकीनं सांगत नाही. मी भौतिकशास्त्राची एम.एस्सी. आहे. आम्हाला फुशारकी मारायची झाली, तर त्यात चूक किती टक्के असू शकते ते आम्ही आधी काढतो. मी काढलं होतं. शून्य आलं होतं.

वाशीम जिल्ह्यातल्या ज्या कॉलेजात मी शिकवते त्याचं नाव सांगत नाही. तासिका तत्त्वावर असलेल्या बाईनं सांगू नये. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर तुम्ही प्राध्यापक, घंटा वाजली की पुन्हा पाहुणे! अशी पाहुणी म्हणून मी कितीतरी वर्षं काढली होती. आणि त्या हिवाळ्यात डेटा सायन्सच्या नव्या अभ्यासक्रमाला मान्यता द्यायची की नाही हे ठरवायला विद्यापीठाची समिती येणार होती. प्राचार्य जगदेव सर मला म्हणाले होते, "निता म्याडम, कोर्स मंजूर झाला की पयली पूर्णवेळ जागा तुमची. फक्त समितीले काईतरी चालताना दिसलं पायजे."

चालताना दाखवायला माझ्याकडे जबरदस्त गोष्ट होती. आमच्या मुलांनी शिरपूर जैनपासून कामरगावपर्यंतच्या वावरांत फिरून सोयाबीनच्या पानांचे साठ हजार फोटो काढले होते. प्रत्येक पानावर पिवळा मोझॅक हा रोग किती पसरलाय ते मोजायचं आणि जिल्ह्याचा नकाशा रंगवायचा. एका संगणकाला या कामाला आठवडा लागला असता. कॉलेजात जुने-पाने अकरा होते: प्रयोगशाळेत चार, परीक्षा विभागात दोन, आणि कार्यालय, ग्रंथालय, जिमखाना, स्टाफरूम व प्राचार्यांची केबिन इथं एकेक. अकरांना एकत्र जोडलं तर एक सकाळ पुरणार होती.

स्टाफ मीटिंगमध्ये मी सगळ्यांना समजावून सांगितलं. "काम लहान लहान डब्यांत भरायचं. आत फोटो मोजायला स्पार्क नावाची प्रणाली. डबे कोणत्या संगणकावर ठेवायचे ते कुबरनेटीस नावाची दुसरी प्रणाली ठरवते. एखादा संगणक बंद पडला, की त्याच्यावरचे डबे ती मुकाट्यानं दुसऱ्यावर हलवते."

"म्हंजे पंगतीवानी," क्रीडाशिक्षक इंद्रभान सर म्हणाले. "एक वाढपी पान खायले गेला तं दुसरा त्याची बादली धरते."

"अगदी बरोबर!"

"म्हंजे एक गेला तरी काई फरक पडत नाही?"

"शून्य फरक!" मी टेबलावर हात आपटून म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच. शांत माणसानं टेबलावर हात आपटू नये. सवय नसली की तो चुकीच्या शब्दावर आपटला जातो.

समितीचा दिवस उजाडला. समिती अभ्यासक्रम तपासायला येते, असा बाहेर एक गोड समज आहे. कॉलेजातल्या भिंतींनाही ठाऊक असतं की समिती जेवायला येते! जिमखान्यामागे गोवऱ्यांचा धूर निघत होता. कणकेचे रोडगे भाजले जात होते. वांग्याच्या भाजीत तेल किती असावं यावर तीन विभागप्रमुखांची बैठक बसली होती. अभ्यासक्रमाच्या फाइलवर एवढी चर्चा झाली असती, तर आम्हाला दोन अभ्यासक्रम मिळाले असते.

मी सभागृहात बसून काम सुरू केलं. मोठ्या पडद्यावर अकरा हिरवे ठिपके झळकले. टक्के सरसर चढू लागले. मी हात जोडणार होते, पण विज्ञानाची पदवी आड आली.

पहिला फोन कार्यालयातून आला. हेडक्लार्क हरीओमबाबू.

"म्याडम, स्कॉलरशिपची साइट आज कशीतरी उघडली, अन् तुमच्या कामापाई माहा संगणक बैलावानी बसून राह्यला. तुमची तार काढू काय? एक बंद केला तं चालते न?"

मी अचूक माणूस आहे. विचारलेल्या प्रश्नाचं अचूक उत्तर देते. "एक? चालतो."

ठिपका लाल झाला. आणि मग ते दृश्य! कार्यालयातले डबे उठले, बाकीच्या दहांवर जाऊन बसले, टक्के क्षणभर अडखळले आणि पुन्हा चालू लागले. कुणाची तक्रार नाही, मोर्चा नाही, निवेदन नाही. आमच्या स्टाफमध्ये एवढं सामंजस्य मी कधीच पाहिलं नव्हतं. खरं सांगते, एक ठिपका गेल्याचं मला दुःख व्हायला हवं होतं. मला आनंदाचं भरतं आलं!

त्यामुळे ग्रंथालयातून मनकर्णाबाई आल्या तेव्हा मी चांगल्याच मूडमध्ये होते.

"म्याडम, तिथं प्लग एकच हाय. समितीच्या चहाची किटली लावाची हाय. तुमच्या डबड्याले घडीभर आराम देऊ काय? एक बंद केला तं चालते न?"

"चालतो, मनकर्णाबाई. लावा किटली."

मग इंद्रभान सर. स्वागतगीताच्या स्पीकरला जिमखान्याचं बोर्ड हवं होतं. "वाढपी पान खायले चालला म्याडम!" असं ओरडून त्यांनी स्वतःच तार उपटली. स्टाफरूममधला कुणी काढला ते आजपर्यंत उघड झालेलं नाही. त्या बोर्डावर नंतर सात मोबाइल लटकलेले सापडले.

आणि मग पुंजाजीभाऊ. आमचे शिपाई. सज्जन माणूस. विचारल्याशिवाय खडू हलवत नाहीत. प्राचार्यांनी त्यांना हुकूम केला होता, की समितीच्या जेवणाला प्रयोगशाळेतली आणि परीक्षा विभागातली टेबलं लावा, वर पांढरी चादर अंथरा. टेबलांवर संगणक होते. पुंजाजीभाऊ दारात येऊन उभे राहिले.

"म्याडम, एक काढून खाली ठेवू?"

मी समितीसमोर करायच्या भाषणाची उजळणी करत होते. "एक? ठेवा."

ते गेले. ते आले. "म्याडम, एक काढून खाली ठेवू?"

"ठेवा, भाऊ."

ते पुन्हा गेले, पुन्हा आले. दरवेळी तोच नम्रपणा, तीच मान वाकवलेली, जणू हा प्रश्न जगात पहिल्यांदाच विचारला जातोय! आणि मीही दरवेळी तेच खरं उत्तर दिलं. एक बंद केला तर चालतो. हरीओमबाबूंना दिलेलं उत्तर खरं होतं. मनकर्णाबाईंना दिलेलं खरं होतं. पुंजाजीभाऊंना दिलेलं प्रत्येक उत्तर खरं होतं. फक्त या सगळ्या खऱ्या उत्तरांची बेरीज कुणी केली नव्हती. भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.नंही नाही!

मान वर केली तेव्हा पडद्यावर एकच हिरवा ठिपका उरला होता. प्राचार्यांची केबिन.

हा संगणक कॉलेजातला सगळ्यात नवा आणि दणकट. सर त्यावर पत्त्यांचा खेळ खेळत, त्यामुळे तो तसा ताजातवाना होता. म्हणून साऱ्या कामावर नजर ठेवणारा मुकादम डबाही मी तिथंच बसवला होता. आता बाकीचे सगळे डबेही तिथंच पोचले होते. याला कारण मीच! डबा भरताना त्याला जागा किती लागेल ते लिहावं लागतं. अडचणीत कुठंही मावावा म्हणून मी जागा अगदी कमी लिहिली होती. कामरगावच्या जीपमध्ये "सरका न जरासं, मी काई लई नाही" म्हणत माणसं चढतात ना, तसे सगळे डबे त्या एका संगणकात चढले होते. टपावर, पायरीवर, ड्रायव्हरच्या मांडीवर!

आणि बाहेर समितीची गाडी येऊन थांबली.

मी धावले. आधी कार्यालयात. "हरीओमबाबू, तार जोडा! लगेच!"

"आता? साइट 'थांबा' म्हणून राह्यली, म्हंजे चालू हाय! बाकीचे दहा हायेत न म्याडम, माह्याच मागं कायले लागता?"

ग्रंथालय. "मनकर्णाबाई, किटली काढा!"

"पानी उकळीले आलं बाप्पा! अन् एवढे दहा सोडून तुमाले हाच दिसला काय?"

इंद्रभान सरांनी तर हात जोडले. "म्याडम, स्वागतगीत 'या हो या'वर येऊन थांबलं. आता आवाज गेला तं समिती परत जाईन! बाकीच्याईले सांगा न."

प्रयोगशाळेत संगणक भिंतीला पाठ लावून रांगेत जमिनीवर बसले होते, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. टेबलांवर चादर, चादरीवर पत्रावळी. पुंजाजीभाऊ म्हणाले, "याईले जोडू? जोडतो. पण बोर्डावर आता रोडगे गरम ठेवाची पेटी लावली हाय. थे काढली तं सर मले काढतीन."

प्रत्येकाला पक्कं माहीत होतं की बाकीचे दहा चालू आहेत. सार्वजनिक काम म्हणजे काय, याची व्याख्या मी इतकी वर्षं शोधत होते. ती मला वरांड्यात धावताना मिळाली.

केबिनमध्ये पोचले तेव्हा समिती बसली होती. अध्यक्ष एक वयस्क, हळू बोलणारे प्राध्यापक. बाजूला दोन सदस्य, चहाची वाट पाहणारे. आणि टेबलाखाली तो संगणक! सोयाबीनच्या हंगामात वावरात थ्रेशर चालतं ना, तसा घरघरत होता. पानं मोजून झाली होती, नकाशा रंगवणं तेवढं उरलं होतं; मॉनिटरवर एक्याण्णव टक्के.

"हा आवाज कसला?" अध्यक्षांनी विचारलं.

"कूलर असंन सर," प्राचार्य म्हणाले.

"या थंडीत?"

प्राचार्यांचे पाय टेबलाखाली मस्त शेकून निघत होते. घाम कपाळावर आला होता. तो आवाजाचा होता की उबेचा, हे सांगणं कठीण होतं. मी भिंतीजवळच्या प्लगपुढे जाऊन उभी राहिले.

"बसा न म्याडम," एक सदस्य म्हणाले.

"मी उभीच बरी आहे."

"खुर्ची हाय की."

"नको. मला... उभं राहून विचार करायची सवय आहे."

चौऱ्याण्णव. अध्यक्षांनी काहीतरी विचारलं. थ्रेशरमध्ये ते कुणालाच ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. प्राचार्यांनी कानाशी हात नेला. मग पाहुण्यांची गैरसोय पाहून त्यांच्यातला यजमान जागा झाला. ते माझ्या मागच्या प्लगकडे हात लांब करून म्हणाले, "म्याडम, सरका जरा. हा एक बंद केला तं चालते न—"

"नाही!!!"

हा आवाज माझा होता. मलाही पटायला वेळ लागला. एका सदस्याचा पेन खाली पडला. वरांड्यात स्वागतगीत थांबलं.

"हा एक नाही सर," मी हळू आवाजात म्हणाले. "बाकी कोणताही चालतो. चालला असता. पण हा नाही."

सत्त्याण्णव. नव्याण्णव. मग घरघर एकदम थांबली आणि मॉनिटरवर वाशीम जिल्ह्याचा नकाशा उमटला. शिरपूरकडे गडद पिवळा, अनसिंगच्या बाजूला फिका, कामरगावात मधूनमधून ठिपके. साठ हजार पानं, एकही न हरवता! मला वाटलं, आता मात्र फुशारकी मारायला हरकत नाही.

"वा!" अध्यक्ष उठून उभे राहिले. "हे काम किती संगणकांवर झालं?"

प्राचार्यांनी मला भुवयांनी खूण केली. दोन्ही भुवया वर, मग खाली, मग पुन्हा वर. अकरा म्हणा, अकरा! एवढं सोपं होतं. अकरा म्हटलं असतं तर ते निम्मं खरंही होतं. पण मी अचूक माणूस आहे ना!

"सुरुवात अकरांवर झाली सर. अखेरच्या टप्प्यात एकावर."

समित्या वाक्याचा शेवटचा शब्द लिहून घेतात, हे मला माहीत नव्हतं.

"एकावर!" अध्यक्ष सदस्यांकडे वळले. "एकावर होतं, तर उरलेले दहा कशासाठी ठेवलेत?"

"जेवन तयार हाय सर," प्राचार्य म्हणाले. मग सगळे रोडगे खायला गेले. भाजीत तेल जास्त झालं होतं. तेवढीच सूचना समितीनं तोंडी केली.

लेखी सूचना महिन्यानं आल्या. अभ्यासक्रमाला मान्यता मिळाली! दहा संगणक मात्र अतिरिक्त ठरवून दुसऱ्या कॉलेजला देण्यात आले. ज्या दिवशी टेम्पो आला, त्या दिवशी सगळा स्टाफ माझ्या टेबलाभोवती जमला.

"म्याडम, माहा तं सकाळपासून चालूच होता!" हरीओमबाबू.

"लायब्ररीचा कोनी काढला, मले तं ठाऊकच नाही!" मनकर्णाबाई.

इंद्रभान सर म्हणाले, "त्या दिवशी खरं काम तं जिमखान्यानंच केलं." मी ते मोजलेलं नव्हतं, म्हणून वाद घातला नाही.

एका विद्यार्थ्यामागे एक संगणक हवा, असा नियम आहे. त्यामुळे अभ्यासक्रमाची प्रवेशक्षमता आली: एक. आणि एका विद्यार्थ्यासाठी पूर्णवेळ प्राध्यापक नेमता येत नाही, असाही नियम आहे. तो प्राचार्यांनी मला स्वतः वाचून दाखवला, अगदी हळुवारपणे, दोन वेळा. "तासिका मात्र वाढल्या म्याडम," ते म्हणाले. "ते पाहा न!"

त्या एका जागेसाठी अर्जांचा ढीग आला. गुणवत्तेनं साक्षीचा नंबर लागला. अनसिंगची पोरगी, हुशार, डोळ्यांत चमक. पहिल्या तासाला केबिनमध्ये प्राचार्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून आम्ही दोघी बसलो.

"हा कोर्स काहून निवडला?" मी विचारलं. कौतुकानं माझीही भाषा थोडी तिच्याकडे झुकली.

"मले तुमच्यावानी व्हायचं हाय म्याडम," ती म्हणाली. "घरचे म्हंते, एवढं शिकलं की मानूस पर्मनंट होते. तुमी कवा झाल्या?"

मी खडू उचलला. केबिनमध्ये फळा नव्हता, तरी उचलला.