उत्तर न सांगणारे परब सर

रविवार, सकाळ. मुलुंड पूर्व, परब सरांचा हॉल, सोसायटी कमिटीची सभा. हजर: मी (सचिव), खजिनदार शेट्टी, अध्यक्ष राणेकाका, परब सर आणि कमिटीत नसलेल्या त्यांच्या पत्नी सुलभावहिनी.

परब सर कोणालाही उत्तर सांगत नाहीत. माणूस शिकतो कसा, या अभ्यासात त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. शाळांसाठी टॅबलेटवरचे धडे बनवले, परदेशात व्याख्यानं दिली. सांगणं एकच: "चुकू दे गं. चुकल्यावरच डोकं चालायला लागतं."

गेट उघडायचं नवं अ‍ॅप आलं तेव्हा सर गेटवर खुर्ची टाकून बसले. शिकवायला नव्हे, कोणी कोणाला शिकवू नये म्हणून. राणेकाका स्वतःच्याच बिल्डिंगबाहेर उन्हात उभे.

"परबा, बटण खंयचा ता सांग मरे!"

"तुला काय वाटतं?"

"माका वाटता तुझी मान धरूची!"

"झकास. आता दुसरं दाबून बघ."

आज अख्ख्या बिल्डिंगला अ‍ॅप शिकवतात ते राणेकाकाच. पद्धत चालते, हे मी मान्य करते.

वहिनींना पक्षाघात झाला आणि सरांनी बाहेरची सगळी कामं सोडली. वहिनींना कळतं सगळं, शब्द मात्र तोंडातून निघत नाही. सरांनी त्यांच्यासाठी टॅबलेटवर चित्रं बसवली. चित्र दाबलं की टॅबलेट बोलतो. वहिनींनी तो पालथा घालून ठेवला. बोलायचं तर स्वतःच. तेव्हापासून सर रोज त्यांच्यासमोर बसून एका शब्दाची वाट बघतात. कुठल्याही. त्यांना सोडून हलत नाहीत, म्हणून सभा त्यांच्या घरी.

आम्हाला बघून वहिनींनी थर्मासकडे बोट केलं. "च... च..."

शेट्टींनी तोंड उघडलं. सरांनी हात वर केला. सगळे थांबलो. वहिनींच्या कपाळावर घाम आला. "च..."

आणि सरच हळूच म्हणाले, "चहा."

वहिनींनी रागाने मान वळवली.

"गप!"

अगदी स्पष्ट. शेजारच्या ब्लॉकमध्ये ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

सर चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले, बराच वेळ. राणेकाकांनी उठून सगळ्यांना चहा ओतला.

"ती बोलली, हे इतिवृत्तात घे ना गं," सर मला म्हणाले.

"कशाखाली घेऊ?"

"आयत्या वेळचे विषय."

घेतलं. पाण्याची टाकी धुण्याची तारीख ठरवायची राहिली आहे.