पहिल्या पानापासून

धारूरच्या कॉलेजात तरन्नुम मानसशास्त्र शिकवायची, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असला तर मॅडम, नसला तर घरी भाकरी थापायची. आता कायमची जागा निघाली होती. ती मिळाली तर ठीक, नाहीतर कडा गावचं स्थळ, असं आईने, म्हणजे रहेमतबीने, ठणकावून सांगितलं होतं. मुलगा तसा बरा होता, पण ट्रॅक्टरशिवाय दुसरं काही बोलत नव्हता.

मुलाखतीला विद्यापीठाचे विजयसिंह सर येणार होते. मनोविश्लेषणाच्या एका जाडजूड ग्रंथाबाहेरचं ते काही विचारतच नाहीत, अशी त्यांची ख्याती होती.

"मॅडम, हे वाचायला सुरुवात कुठून करू?" तरन्नुमने विभागप्रमुख वत्सलाबाईंना विचारलं.

"पहिल्या पानापासून," आपली प्रत झेरॉक्सला देत बाई म्हणाल्या. "एक बी पान सोडू नको. कळलं न्हाई तरी थांबायचं न्हाई. कळायला लागलं तर समज, कुठंतरी चुकायलंय."

झेरॉक्सचा गठ्ठा बांधायला ख्वाजामामूंकडे गेला. मामूंची सगळी हयात बाजारातल्या दुकानात मदरशाच्या, उजवीकडून उघडणाऱ्या उर्दू किताबा बांधण्यात गेलेली. हाताच्या सवयीने त्यांनी शिलाई उजव्या बाजूला मारली. कडा कापताना पानांचे आकडेही गेले. भाचीचं काम म्हणून वर भारीतलं हिरवं रेग्झिन चढवलं. त्यावर नाव काही नव्हतं.

तरन्नुमने मराठी पुस्तक उघडतात तसं ते उघडलं. पहिलंच वाक्य होतं, 'म्हणून ते कधीच नव्हतं.' काय नव्हतं ते कळावं म्हणून तिने पान उलटलं, तर तिथे भलतंच काही चाललेलं. थोड्या पानांनी 'समारोप' असं ठळक अक्षरात आलं, तेव्हा तिला जरा शंका आली. पण मन सरळ चालत नाही, तर मनावरचा ग्रंथ तरी का चालावा? ती नेटाने पुढे, म्हणजे मागे, वाचत राहिली. मुलाखत आली तेव्हा जेमतेम तिसरा हिस्सा झाला होता.

आदल्या दिवशी मामू चहाला आले.

"बेटी, उल्टं कावून वाचायलीस?"

"उल्टं?"

मामूंनी पुस्तक पालथं करून उघडलं. "हे बघ. सुरुवात इकडून हाय."

'प्रस्तावना' हा शब्द बघून तरन्नुम रडायलाच लागली.

"रडू नको गं. खोलून परत बांधतो. जुम्म्याला घेऊन जा."

"मामू, मुलाखत उद्या हाय!"

"मग कड्याला फोन लावू का?" रहेमतबीने आतून विचारलं.

दुसऱ्या दिवशी विजयसिंह सरांनी पहिलाच प्रश्न टाकला. "पहिल्या प्रकरणात लेखक इच्छेबद्दल काय म्हणतो?"

तरन्नुमने पहिलं प्रकरण पाहिलंही नव्हतं. तिला फक्त शेवट माहीत होता.

"सर, समारोपात तो ते सगळं मागे घेतो."

सरांनी पेन खाली ठेवलं. "मागे घेतो?"

"हो सर. इथवर सांगितलं त्याला आधार नव्हता, असं म्हणतो."

सर शेजारी बसलेल्या वत्सलाबाईंकडे वळले. "बरोबर ना, मॅडम?"

"अगदी," असं म्हणून बाई घटाघटा पाणी प्यायल्या.

पुढे सर सुरुवातीचं विचारत गेले आणि तरन्नुम शेवटचं सांगत गेली. तिला खोडून काढायची कुणाची हिंमत झाली नाही, आणि मुलाखत फारच लवकर आटोपली.

ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. आता कड्याला काय सांगायचं, याचा विचार चालला होता. तेवढ्यात सर एकटेच बाहेर आले.

"अभिनंदन. तुमचीच निवड झाली. या ग्रंथाचा शेवट गाठलेलं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं." त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आता निकाल लागला म्हणून विचारतो. इतकी वर्षं मी चौथ्या प्रकरणाच्या पुढे कधी गेलोच नाही. शेवटी नेमकं होतं तरी काय?"

व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं. तरन्नुमने बाकावर सरकून जागा केली.

"बसा ना, सर. शेवट मी सांगते. सुरुवात तेवढी तुम्ही सांगा."