रक्ताचे मार्क

गफूरमामा अनोळखी माणसाला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. त्याच्या हातातल्या कागदाकडं बोट करतात आणि म्हणतात, "किती मार्क पडले?"

नांदेडात छातीच्या डॉक्टरांचा एक दवाखाना आहे. तिथल्या रक्ततपासणीच्या खिडकीत मी बसतो. माझं शिक्षण सातवी, तीही पुरी नाही. गाव तिकडं रेणापूरकडं, घरची माणसं सगळी तिकडंच. डॉक्टरसाहेबांनी मला खुर्ची दिली, वर पंखा दिला. त्याची जाण म्हणून रिपोर्टवरचं नाव मी तीनदा वाचतो आणि मगच कागद देतो. एकाचा दुसऱ्याला गेला तर, या भीतीनं मला घास गोड लागत नाही.

मामा पिंजारी. चाळीस वर्षं त्यांनी गाद्यांचा कापूस पिंजला, आणि निम्मा स्वतःच्या फुप्फुसात भरला. दर महिन्याला येतात. दिसायच्या आधी ऐकू येतात. कापूस पिंजायच्या धनुकलीची तात ढिली पडल्यावर जशी घरघरते, तशी त्यांची छाती फाटकापासून वाजत येते. मग पांढरी दाढी, पांढरा सदरा. डॉक्टरांच्या दाराला लागून असलेला बाक त्यांचा.

डॉक्टरसाहेब एकदा कुणाला समजावत होते, की रक्तात मार्कर असतात. सीआरपीचा आकडा चढला की अंगात कुठंतरी आग लागलीय असं धरायचं. एकट्या आकड्यावर काही ठरत नाही, पण सावध व्हायचं. मामांनी त्यातला 'मार्क' तेवढा उचलला.

"पाच? नापास! घरी अभ्यास करतो का नुस्त्या गप्पा हाणतो?"

आणि शंभराच्या वर गेलेल्या एखाद्याचा हात हातात घेऊन, "माशाअल्ला, फर्स्टक्लास!" त्याला खिशातल्या पुडीतली खडीसाखर मिळायची.

मी एकदा म्हणालो, "मामा, जास्त पडले तर वाईट असतंय."

"तुला सातवीत किती पडले होते रे बेटा?"

मी खिडकी लावून घेतली.

लोक आधी हसायचे. हसणं थांबलं ते लोह्याच्या एका गुरुजींपासून. मामांनी त्यांना पास केलं, खडीसाखर दिली. पुढच्या महिन्यात मी गुरुजींचं नाव तीनदा पुकारलं. कुणी उठलं नाही. मग एक बांगड्या भरणारी बाई. मग एक ट्रकवाला. मला एक गोष्ट आणखी दिसली, ती मी कुणाला बोललो नाही. एकाचा आकडा नव्वद होता, त्याला मामांनी "नापास!" म्हणून हाकललं, तो अजून येतो. दुसऱ्याचा चाळीसच होता. त्याला साखर मिळाली. तो आला नाही.

मग बाकावर मामांच्या शेजारी कुणी बसेना. बायका रिपोर्ट पदराखाली धरायच्या. "आमच्याकडं बघू नगा, चाचा." मामांनी खिशात हात घातला, की पुडीची चुरचुर ऐकून अख्खी खोली खोकायची थांबायची.

त्या थंडीत आईला गावाहून आणलं. तिचा जन्म चुलीच्या धुरात गेला, आता दोन शब्दांत तिला दोनदा दम लागायचा. रक्त दिलं. कागद आला. एकशे चाळीस. नाव मी तीनदा वाचलं, मग चौथ्यांदा. आईचंच होतं. आमच्यापुढं एकवीस नंबर होते. कागदाची घडी करून मी खिशात घालतोय, तेवढ्यात पाठीमागं घरघर आली.

"बघू."

"नको मामा. पाया पडतो."

"आण म्हणतो."

त्यांनी कागद पाहिला. मग कागद सोडून आईकडं पाहिलं. तिच्या ओठांकडं, नखांकडं. त्यांचा हात हळूहळू खिशाकडं निघाला. हात खिशापाशी गेला आणि तिथंच थांबला.

"नापास!" मामा ओरडले. "सपशेल नापास! आक्का, शरम न्हाई वाटत? चला, फेरपरीक्षा! आत्ताच्या आत्ता हेडमास्तरकडं!"

आईचा दंड धरून ते सरळ डॉक्टरांच्या दाराकडं निघाले. रांगेतला एक जण आडवा आला. "ओ चाचा, नंबर आमचा हाय."

मामांनी त्याला खालून वर पाहिलं. "तुला पास करू का?"

रांग दुभंगली.

आईला तिथल्या तिथं भरती केलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, ओठ निळे पडलेत, दोन तास बाहेर बसवली असती तर अवघड होतं. नऊ दिवसांनी ती स्वतःच्या पायांनी एसटीत चढली. "तुझा त्यो म्हातारा लई चावट हाय," म्हणाली.

पुढच्या महिन्यात मी मामांसाठी चहा घेऊन गेलो. म्हटलं, "मामा, तुम्हाला सगळं कळतंय. पहिल्यापासनं."

"चाळीस वरसं कापूस हाताळला, बेटा. कोणचा फुलंल, कोणचा न्हाई, हात लावला की कळतंय." दम घ्यायला ते थांबले. "आन् इथं दाराशी ऐकू येतं. डागदर कुणाला म्हणतो, आता घरी न्या, आवडीचं खाऊ घाला. त्या माणसाचं तोंड बघितलं का कधी, बाहेर येताना? त्याला कुणीतरी पास म्हणाया पायजे."

मी चहाचा कप त्यांच्या शेजारी बाकावर ठेवला.

"माझ्या बीबीनं शेवटच्या दुखण्यात मला इचारलं होतं, माझे किती आले म्हणून. मी खरं सांगितलं. शाणा होतो ना. भिंतीकडं तोंड करून झोपली. तीन दिवस बोलली न्हाई. मग गेली."

त्यांचा स्वतःचा रिपोर्ट मांडीवर उपडा पडला होता. मला एकदम वाटलं, एवढ्या महिन्यांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नाही.

"मामा, तुमचे किती पडले?"

मी परक्या भाषेत बोलल्यासारखे ते माझ्याकडं बघत राहिले. मग कागद पुढं केला. "तूच वाच. चष्मा न्हाई माझ्याकडं."

चष्मा नाकावरच होता.

मी वाचला. आकडा मागच्यापेक्षा मोठा होता, बराच मोठा. मामा माझ्या तोंडाकडं बघत होते. छातीचा आवाजही दबून बसला होता.

"नापास," मी म्हणालो. "पुढच्या महिन्यात परत बसावं लागंल."

मामांनी कागद घेतला. चार घड्या घातल्या. चहाचा एक घोट घेतला.

"हौ," ते म्हणाले. "बसतो की, मास्तर."